लागोसला निघालेल्या लेकी-सुनांना घाबरवू नका



‘मुलांना घेऊन नायजेरियात जाणे म्हणजे वेडेपणा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. मी देवबागची. यजमानांच्या नोकरीमुळे लागोसला सहा वर्षे संसार केला. भीती माणसांची नको, तयारीविना जाण्याची हवी.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. एक डोस जन्मभर चालतो. लस घेतल्याचे पिवळे कार्ड नसेल तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. मलेरिया बारमाही, म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा.

बाकी घर लवकर लागते. नारळ मिळतो, उकडा तांदूळ तर तिथला रोजचाच. बांगड्याच्या कुळातला मासा ‘टायटस’ नावाने गोठवलेला मिळतो. इलुपेजू भागात भारतीय शाळा आहे. मला बाजार दाखवला शेजारच्या योरुबा मावशीने. सकाळी ‘ए कारो’ म्हणायला तिनेच शिकवले आणि मासळीवाल्या बायका ओळखीच्या झाल्या. आपल्या मंडळींच्या ओळखी त्यानंतरच्या.

तिकडे कुणी निघाली असेल तर कार्ड, मच्छरदाणी आणि सोलं बॅगेत भरलीस ना, एवढंच तिला विचारा.

— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)