जबड्याची कटकट

तोंड उघडले की कानाजवळ 'कट्' असा आवाज व्हायचा. जेवायला बसलेल्या आम्हा चौघांनाही तो ऐकू यायचा. आमची पत्नी भाकरीचा घास चावता चावता थांबायची, गालावर हात धरायची आणि पुन्हा चावायची. सुरुवातीला मुले हसत. पुढे ती सकाळी उठायची तीच डोके धरून, तेव्हा मुलांचे हसणे थांबले.

कान दुखतो म्हणून आधी कानात थेंब घातले. शेजारच्या मावशींनी लसूण घालून कोमट केलेले तेल सांगितले, तेही घातले. (वाचकांनी हे करू नये. पडद्याला भोक असेल तर कान कायमचा बिघडतो.) मग दाढेचे दुखणे ठरले. एका दवाखान्यात दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, दुखणे राहिले. दुसऱ्या दवाखान्यात सांगितले की दातांची ठेवणच चुकली आहे, सगळे दात घासून वर कॅप बसवाव्या लागतील, खर्च साठ हजार. आम्ही पडलो कारकून. पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरला. जन्म हिशेबात गेला, पण एक साधा प्रश्न आम्हाला सुचला नाही. तो जामीनदार म्हणून सही करायला बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने विचारला, "घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होतो का हो?"

अर्ज टेबलाच्या खणात गेला आणि आम्ही सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. केसपेपर काढून रांगेत तीन तास बसलो. डॉक्टर बाईंनी दात नंतर पाहिले. आधी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडमीट करायला लावली, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले, तोंड किती उघडते ते पट्टीने मोजले. मग विचारले, "ताई, रात्री झोपेत दात खाता का?" पत्नीने आमच्याकडे पाहिले. तो करकर आवाज आम्ही कित्येक वर्षे ऐकत होतो, पण जंत झाले असतील म्हणून सोडून दिले होते!

खालचा जबडा कानांच्या पुढे दोन सांध्यांनी कवटीला जोडलेला असतो. सांध्यात एक मऊ चकती असते. ती जागची सरकली की कट् आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचाराची गरज नसते. दुखते ते बहुधा आवळून आवळून थकलेल्या स्नायूंमुळे, आणि ते कानात, डोक्यात, मानेतही जाणवते. बहुतेकांचे हे दुखणे साध्या उपायांनीच कमी होते.

ते उपाय असे. कडक भाकरी, फुटाणे, ऊस, सुपारी काही आठवडे बंद. भाकरी कालवणात कुस्करून खायची. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने गाल शेकायचा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. एरवी ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. आपले वरचे-खालचे दात दिवसभर एकमेकांवर टेकलेले असू नयेत, हे आम्हाला या वयात कळले. शिवाय डॉक्टरांनी शिकवलेला जबड्याचा हलका व्यायाम. पत्नी घरी शिवणकाम करते. दोरा दाताने तोडायची सवय गेली, आता मशीनला कात्री बांधलेली आहे. ऑर्डरची तारीख जवळ आली की दात जास्त आवळले जातात, हेही तिच्याच ध्यानात आले. तीन महिन्यांत डोके धरणे थांबले. आवाज अजून येतो, येऊ दे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची मार्गदर्शिका आली. तिनेही व्यायाम, स्नायूंवर हाताने केलेले उपचार, मनाचा ताण हलका करणारे समुपदेशन यांनाच पुढे ठेवले आहे आणि चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे. महाग ते चांगले असे समजणाऱ्यांनी अमेरिकेची हकीकत ऐकावी. तिथे १९८०च्या दशकात व्हायटेक कंपनीच्या टेफ्लॉनच्या चकत्या रुग्णांच्या जबड्यात बसवल्या. त्यांचा चुरा होऊन आसपासचे हाड झिजले. १९९०-९१ मध्ये सरकारला इशारा देऊन त्या परत बोलवाव्या लागल्या, पण अनेकांचे दुखणे जन्माचे झाले.

म्हणून दात घासायचा, काढायचा किंवा सांधा उघडायचा म्हटले की विचारावे: हे मागे फिरवता येते का? अगोदर साधे उपाय करून पाहिले का? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येतो, असे सांगायला लाजू नये. कीड लागलेल्या दाढेची गोष्ट अर्थात वेगळी.

मात्र तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच, असे नव्हे. सुपारी-गुटखा खाणाऱ्याची आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून ताठ लागत असतील, तर ती कर्करोगाकडे नेणारी व्याधी असू शकते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आपल्या वस्तीतल्या पोरांच्या खिशात काय असते ते आपण जाणतोच. तिथे शेकत बसू नये, तातडीने तपासून घ्यावे. लहान मूल हनुवटीवर पडले आणि पुढे त्याचे तोंड कमी उघडू लागले, तर सांधा जखडत असेल, त्यालाही लगेच दाखवावे. अशा जखडलेल्या सांध्याला शस्त्रक्रिया लागते. जबडा निखळून तोंड उघडेच राहिले, तर कोणाला ठोकू देऊ नये, रुग्णालय गाठावे. आणि चालताना किंवा छातीत दडपण येऊन, घाम सुटून जबडा दुखला, तर दातांच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे त्याच क्षणी जावे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे. सकाळी लवकर जावे, जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात, आणि रात्री दात खाण्याची गोष्ट घरच्या माणसाने सांगावी, कारण झोपलेल्याला ती ठाऊक नसते.