खर्जाचा सौदा

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या गायनवृंदाची बेस गिटार विकली गेली. विक्रीच्या कागदावर सही आमचीच आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे जे लिहावयाचे आहे, त्यातील पहिले आरोपी आम्हीच आहोत. बैठकीत मुद्दा मांडला गेला तो असा: नवा कीबोर्ड आला आहे, त्यात बेस आहे, ढोलकी आहे, व्हायोलिन आहे, मग कोपऱ्यात उभा राहून चार तारा छेडणारा मुलगा आणि त्याचा तो अवजड अॅम्प्लिफायर हवा कशाला? कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. वाद्य गेले. ते वाजवणारा तरुण त्यानंतर काही रविवार मागच्या बाकावर बसला, आणि हल्ली तो बाकही रिकामा असतो.

‘कीबोर्डात बेस आहेच’ हे वाक्य आता आम्ही ठिकठिकाणी ऐकतो. लग्नाच्या वाद्यवृंदात ऐकतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकतो, आणि खेदाची गोष्ट ही की धर्मगुरूंच्या तोंडूनही ऐकतो. हे वाक्य खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील माणसाला खर्ज म्हणजे काय हे आम्ही शिकवू जावे, हा वास्तविक उद्धटपणाच. इथल्या कुठल्याही भजनी मंडळात जाऊन पाहा. भजनाला उभे राहण्यापूर्वी पखवाजवाला कणीक भिजवतो, डाव्या पुडीवर थापतो, बोटाने थोडी कमी-जास्त करतो, आणि हवा तसा घुमारा उतरला की मगच मान डोलावतो. भजन संपले की ती कणीक खरवडून टाकायची, उद्या पुन्हा नवी. एवढा खटाटोप कशासाठी? तर खालचा स्वर भरलेला असावा म्हणून. ज्या आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, ते गाव याच तालुक्यातले. वेद बोलणाऱ्या त्या जनावराचा आवाजही खर्जातलाच असणार, असे आम्ही एका वारकरी स्नेह्याला म्हणालो तेव्हा तो मनापासून हसला.

बेस गिटार ही या खर्जाचीच धाकटी बहीण. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ती बाजारात आणली, ती मुख्यतः अडचणीतून सुटण्यासाठी. माणसाएवढा उंच डबल बेस गाडीवर लादून गावोगाव न्यायचा, आणि ढोल-कर्ण्यांच्या गजरात तो ऐकूही यायचा नाही. फेंडर यांनी त्याच्याच चार तारा, त्याच पट्टीत, आडव्या लाकडी फळीवर बसवल्या आणि विजेला जोडल्या. नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांहून हे स्वर एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. हवेतील तिची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. म्हणजे आमच्या चर्चची जेवढी रुंदी, जवळजवळ तेवढी! पुढे हे वाद्य मुंबईच्या सिनेसंगीतातही रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव जाणकारांना ठाऊक आहे. चरणजित सिंग यांचेही. परंतु गाणे ऐकणाऱ्या शंभरांतील नव्व्याण्णवांना ती नावे सांगता येणार नाहीत. खर्ज वाजवणाऱ्याचे भाग्यच तसे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप भक्तिमान मंडळींचा. त्यांच्या मते हे वाद्य धांगडधिंग्याचे. ते वेदीजवळ नको. ते आम्हाला दहावे पायस यांच्या १९०३ च्या आदेशाची आठवण देतात, ज्यात पियानोलाही चर्चमध्ये मज्जाव होता. १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या निर्देशाचाही ते हवाला देतात: जी वाद्ये सर्वसामान्य समजुतीने आणि वापराने केवळ ऐहिक संगीतालाच योग्य, ती उपासनेत नसावीत. हा निर्देश आम्ही सेमिनरीत अभ्यासला आहे आणि तो आम्हाला शिरोधार्य आहे. परंतु त्याच निर्देशात त्या त्या लोकांची संस्कृती व परंपरा ध्यानात घ्यावी असेही म्हटले आहे, हे वाचायला मंडळी विसरतात. हाच नियम आंधळेपणाने लावायचा, तर आधी ढोलकी बाहेर काढावी लागेल. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे गाव. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. ढोलकीचा खरा मान तिथला. ती ढोलकी आपण पवित्र मिस्सात आदराने बसवली, आणि योग्य केले. मग चार तारांच्या या गरीब वाद्यानेच काय पाप केले?

शिवाय १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा जो गौरव आहे, तो नेमका कशाचा? ऑर्गनवादक दोन हातांनी सूर वाजवतो आणि पायांनी खर्ज. सोळा फुटी नळ्यांतून निघणारा तो स्वर कानांपेक्षा बाकाच्या लाकडातून जाणवतो. आमच्यासारख्या खेड्यातील चर्चला पाइप ऑर्गन स्वप्नातही परवडायचा नाही. आमच्या पायपेटीला पाय आहेत ते हवा भरण्यासाठी. खर्ज तिला नाही. ऑर्गनवादकाच्या पायांचे काम गरिबाच्या चर्चमध्ये बेस गिटारने करावे, यात अपवित्र ते काय?

धांगडधिंगा म्हणणाऱ्यांच्या मनात खरे तर यात्रेतील डीजे असतो. भिंतीएवढे स्पीकर, छातीत बसणारे धक्के, खिडक्यांची तावदाने थरथरणे. त्याच्या विरोधात आम्हीही आहोत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हा नियम २००० सालापासून कागदावर आहे, तो यात्रेच्या रात्री कुठे जातो कोण जाणे. पण त्या धक्क्याला खर्ज म्हणणे म्हणजे आरडाओरड्याला प्रवचन म्हणणे होय. उलट दुसऱ्या टोकाला मोबाइल. त्याच्या बोटभर स्पीकरातून ४१ कंपनांचा स्वर बाहेरच पडू शकत नाही. आमची मुले गाणी शिकतात ती या दोहोंमध्ये: एकीकडे नुसता धक्का, दुसरीकडे खर्जच नाही. मग कीबोर्डातील बेस त्यांना पुरेसा वाटला तर नवल कसले?

तो का पुरत नाही, ते सांगतो. यंत्राला एका बोटाने स्वरमेळ दिला की ते डाव्या बाजूने ठरलेली चाल ठोकत राहते. आमच्या वृद्ध माउल्या ‘प्रभू, दया कर’ म्हणताना शेवटचा स्वर लांबवतात. त्यांचा श्वास तेवढा असतो, त्यांचे दुःखही तेवढे असते. यंत्र थांबत नाही. ते पुढच्या मात्रेवर जाऊन उभे राहते आणि माउल्या धावत त्याच्यामागे जातात. पूर्वी तो मुलगा त्यांच्या ओठांकडे पाहत वाजवायचा. त्याचे बोट तारेवर थबकायचे, आणि सगळे चर्च त्याच्या त्या बोटावर टेकून श्वास घ्यायचे. बैठकीत आम्ही हेच विकले, आणि पावतीवर लिहिले ‘एक नग’.

दुसरा आक्षेप देखभालीचा, आणि तो मात्र अगदीच पोकळ नाही. बेस गिटारच्या मानेवर, वादकांच्या भाषेत नेकवर, चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण असतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस लागला की लाकूड ओल धरते, मान वाकते, तारा पट्टीपासून उंच जातात. एप्रिलमध्ये उलटे होते, लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. मानेच्या आत लोखंडी सळई असते. तिचा नट पाव फेरा फिरवून वाकण दुरुस्त करायची, एक दिवस थांबायचे, मग पुन्हा पाहायचे. घाई केली की नट तुटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर घामाने गंजतात. मेलेल्या तारा पाण्यात उकळल्या की काही दिवस पुन्हा बोलतात. पेडलला किंवा गिटारच्या आत बॅटरी असेल तर वायर काढून ठेवायची, नाहीतर ती संपत राहते. आणि अर्थिंग! खेड्यातील निम्म्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे. अॅम्प्लिफायर गुणगुणतो, माइकला ओठ लागला की झटका बसतो. मीठ-कोळसा भरलेला खड्डा आणि तांब्याची तार, यांनी तो धोका कमी होतो; ते काम आम्ही चर्चच्या मागे दोन शनिवारांत करून घेतले. कटकट आहे खरी. पण पखवाजवाल्याची कणीकही कटकटच आहे. म्हणून कोणी पखवाज विकलेला आम्ही ऐकला नाही.

आता तिसरा विषय, जो आम्हाला सर्वांत झोंबतो: हौशी वादकांमधील खरेदी-विक्री. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी तरुणाने, २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला तेव्हा, त्या पैशांतून शहरातील एका हौशी वादकाकडून जुनी बेस गिटार घेतली. चकाकणारी होती. घरी आणल्यावर कळले की मान पिळवटलेली आणि सळईचा नट जाम. विकणाऱ्याने तारा उंच करून खडखड लपवली होती. विचारले तर म्हणाला, जुना माल पाहून घ्यायचा असतो. हे ‘पाहून घ्यायचे’ तत्त्वज्ञान संत थॉमस अक्विनास यांनी सातशे वर्षांपूर्वीच निकालात काढले आहे. त्यांच्या मते जो दोष उघड दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होते, तो सांगणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. झाकला तर तो व्यवहार अन्याय्य. घोडा असो, घर असो, गिटार असो. घेणाऱ्यानेही बंदूक रोखावी तशी मानेवरून एक डोळा मिटून पाहावे, आणि बाराव्या फ्रेटवर तार दाबून आलेला स्वर तिथल्याच नुसत्या स्पर्शाच्या स्वराशी जुळतो का हे ऐकावे. पण त्याने विकणाऱ्याचे कर्तव्य कमी होत नाही.

काही हौशी असे की दर वर्षी वाद्य बदलतात. यंदा हिचा रंग, पुढच्या वर्षी तिचे लाकूड. फळी शिसवाची आहे की नाही यावर तासभर वाद, आणि वाजवायला बसा म्हटले की हात आखडता. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन १९६२ ची एकच बेस घेऊन वर्षानुवर्षे वाजवत राहिले, आणि तिच्या तारासुद्धा सहसा बदलत नसत. आमचा मुलगा जेमरसन नव्हता. पण त्यालाही दुसरी नको होती.

आमची विकलेली गिटार सध्या मंचरकडच्या एका वाद्यवृंदवाल्याकडे आहे असे कळल्यावर आम्ही स्वतः जाऊन आलो. परत विकत घेऊ म्हणालो. त्याने दिलेल्या किमतीच्या दीडपट सांगितली. आम्ही ऐटीत एक डोळा मिटून मानेवरून पाहिले आणि म्हणालो, “अहो, ही तर वाकलेली आहे.” तो म्हणाला, “फादर, तुमच्याकडून घेतली तेव्हाच वाकलेली होती. मला कोणी सांगितलं नाही.”

त्या वाकण्यापोटी त्याला दुरुस्तीचा जो खर्च येईल, तो आम्ही देणे लागतो. तो दिल्यानंतर किमतीचे बोलणे पुढे होईल. दरम्यान त्या मुलाच्या घरी निरोप धाडला आहे, की वाद्य अद्याप आलेले नाही, तरी शुक्रवारच्या सरावाला ये.