पांघरूण

चेन्नईच्या टी. टी. के. उद्योगघराण्यातील टी. टी. रंगनाथन यांचा १९७९ साली, ऐन तारुण्यात, मद्यासक्तीने बळी घेतला. घरात पैशाची वानवा नव्हती, शिक्षण होते, जिवाला जीव देणारी माणसे होती. तरीही दारू सुटली नाही. मग जेथे यांतले काहीच नसते, तेथे केवळ उपदेशाने ती सुटेल अशी आशा कशी धरावी?

तरीही घरोघरी उपदेशच चालतो. रात्री झिंगून आलेल्या माणसाला पत्नी शपथा घालते, आई रडते, थोरला भाऊ अब्रूचा प्रश्न काढतो. सकाळी तो माणूस खरोखरच ओशाळतो आणि ‘आजपासून शिवणार नाही’ म्हणतो. तो खोटे बोलतो असे नाही; सकाळी त्याला ते खरेच वाटत असते. संध्याकाळी मात्र शरीर आपली मागणी पुढे करते. मद्यासक्ती हा आजार आहे, ही वैद्यकशास्त्राची मान्यता अजून आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही.

मात्र घरच्यांचे बोलणे एक सांगते आणि वागणे दुसरेच. ‘ताप आला आहे’ असा निरोप कामावर पत्नीच पाठवते, गुत्त्यावरची उधारी आई फेडते. मायेपोटी घातलेल्या या पांघरुणाखाली व्यसन सुखाने नांदते. नोकरी शाबूत, जेवण वेळेवर. मग बदलायचे कशासाठी, असे त्या माणसाला वाटले तर नवल नाही. याचा दोष घरच्या स्त्रियांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे आहे. चूल विझण्याची भीती त्यांनाच असते.

शांती रंगनाथन यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९८० साली त्यांच्याच नावाने चेन्नईत व्यसनमुक्तीचे काम सुरू केले. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारांत सामील करून घेणे, हे त्या संस्थेचे मोठेपण. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नेही कुटुंबाला असेच जवळ केले.

बोलायचे तर तो शुद्धीवर असताना, आणि नेमके बोलावे. ‘तू घराण्याला काळिमा फासलास’ या वाक्याला तो कान बंद करतो. ‘मंगळवारी मुलाची फी भरायची होती, ते पैसे तू पिऊन टाकलेस’ हे त्याला नाकारता येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांची देखरेख हवीच.

आणि हे सारे करायचे ते कोठे? तामिळनाडूत २००३ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारच्याच महामंडळाच्या हाती आहे. बरा होऊन घरी परतणारा माणूस त्या दुकानावरूनच जातो. काही जण पुन्हा आत शिरतात, आणि घरच्यांना पुन्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते.