‘आपला माणूस’ आणि त्याचा हिशेब

पुन्हा उमेदवारी करणारा नगरसेवक मतदारांपुढे दोन गोष्टी मांडतो: आपली जात आणि आपली कामे. पहिली अभिमानाने, दुसरी घाईघाईने. उपेक्षित वस्तीतला माणूस सभागृहात बसावा, ही लोकशाहीची कमाईच होय. परंतु जन्म हीच पात्रता ठरली की हिशेब विचारणे हा समाजद्रोह ठरतो. आणि नेमके तेच उमेदवाराला हवे असते.

त्याच्या कामांचा क्रम पाहावा. स्वागतकमानी, बाकडी, पेव्हर ब्लॉक, उत्सवांचे मंडप. जमिनीखालच्या जलवाहिनीवर नाव कोरता येत नाही, म्हणून ती मागे पडते. अंदाजपत्रक हा वर्गहिताचा आरसा असतो, तो असा.

१९६१ साली मृणाल गोरे मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या झगडल्या आणि ‘पाणीवाली बाई’ ठरल्या. हे नाव जातीने दिले नाही, कामाने दिले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले. तरीही अनधिकृत वस्तीतील माणसालाही पाणी नाकारता येणार नाही, हे महापालिकेला सांगण्यासाठी २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. सभागृहातले सर्व समाजांचे ‘आपले’ प्रतिनिधी तेव्हा काय करीत होते?

कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रचारसभेत एकच प्रश्न उभा करावा: गेल्या मुदतीत किती घरांत नळ आला? उत्तर देणारा कोणत्याही समाजाचा असो, तो आपला. टाळणारा सख्खा भाऊ असला तरी परकाच.