शिळं कोण खातं?

आज रात्रीची जेवणं उरकली की स्वयंपाकघरात जरा डोकावून बघा हं. पातेल्यात दोन डाव भात, डब्यात दीड पोळी, कढईच्या तळाशी थोडी भाजी. एवढंसं तर आहे, टाकलं तर काय बिघडलं, असं वाटतं ना?

मग हा हिशेब बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल काढला. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असं त्यात म्हटलं आहे. तुम्ही म्हणाल, हे सारं हॉटेलांतलं नि लग्नाच्या पंगतींतलं असणार! छे! शंभरातले साठ भाग तुमच्या-आमच्या घरांतले होते. भारतातल्या घरांचा अंदाज आहे वर्षाला माणशी ५५ किलो. घरात चार माणसं असतील तर २२० किलो, म्हणजे आठवड्याला चार किलोंहून जास्त! यात साली-कोयीही धरल्या आहेत, पण पोळी-भातही आहेच की. आणि हे अन्न कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून कुजलं, की मिथेन वायू तयार होतो. पृथ्वीला तापवणारा वायू, बरं का!

"पण आमच्याकडे काहीच फेकत नाहीत," असं कितीतरी जण सांगतील. असेलही खरं. मग ते उरलेलं जातं कुठे? नीट लक्ष ठेवा. बऱ्याच घरांत सगळे ताजं जेवतात आणि कालचं शिळं गुपचूप आईच्या नाहीतर आजीच्या पानात जातं. ती काही बोलत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

आता सांगा, ती दीड पोळी उरली कशी? कोणीतरी येताना वडापाव खाऊन आलं आणि पानावर बसल्यावर म्हणालं, "मला भूक नाही!" पोळ्या तर केव्हाच लाटून झाल्या होत्या. म्हणजे उरण्याचं कारण पुष्कळदा आपणच असतो. मग उपायही आपल्याच हातात, नाही का?

पहिली गोष्ट, कणीक मळण्याआधी सांगायचं, "मला आज दोनच पोळ्या." दुसरी गोष्ट, पानात आधी थोडं घ्यायचं, लागलं तर पुन्हा मागायचं. पाहुण्यांनाही विचारून वाढायचं. आग्रह गोड असतो, पण पानात टाकलेला लाडू कोणालाच गोड लागत नाही! तिसरी गोष्ट, उरलंच तर ते सगळ्यांनी वाटून खायचं. पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, कालचं वरण घालून मळलेल्या कणकेचे पराठे. शिळं म्हणून नाक मुरडणारेसुद्धा वाटी पुढे करतात!

एक मात्र सांभाळा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. रात्रभर बाहेर राहिलेला भात वास आला नाही तरी खाऊ नये. आंबलेली भाजी, तार सुटलेली आमटी "वाया जाईल" म्हणून कोणालाच खायला लावू नये, आईलासुद्धा नाही. तिची जागा खताच्या खड्ड्यात किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

आता या आठवड्याचा उपक्रम. एका जुन्या वहीत चार रकाने आखा : काय उरलं, किती उरलं, का उरलं आणि कोणी खाल्लं. मोजायला वजनकाटा नको, वाटी पुरे. सात दिवस रोज रात्री लिहा. कोणावर रागवायचं नाही, फक्त लिहायचं. आठव्या दिवशी वही घेऊन सगळ्यांनी एकत्र बसा.

पहिले तीन रकाने वाचलेत की उद्या स्वयंपाक किती करायचा ते कळेल. चौथा रकाना मात्र सावकाश वाचा. तिथे रोज एकच नाव आलं असेल, तर दुसऱ्या दिवशी ताजी, गरम पोळी आधी कोणाच्या पानात वाढायची, हे काय मी सांगायला हवं?