सवय होईल, म्हणे!

घर हलतंय असं कुणी म्हटलं, की माझ्या पिढीला १९९३ चा किल्लारीचा भूकंपच आठवतो. २०२३ च्या उन्हाळ्यात टेक्सासला भाचीकडे गेले आणि पहिल्याच सकाळी पलंग हलला, तेव्हा मी देवाचं नाव घेत उठूनच बसले. भाची हसली. "मावशी, भूकंप नाही गं. हे चहा करायला उठलेत."

त्यांचं घर चाकांवरचं. फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणतात त्याला. चांगलं तीस-पस्तीस फूट लांब. पुढचा भाग पिकअप गाडीच्या हौद्यात अडकवायचा आणि ओढून न्यायचं. भाची तिकडे फिरती नर्स. एका हॉस्पिटलशी करार साधारण तेरा आठवड्यांचा, मग दुसरं गाव. दर वेळी घर शोधण्यापेक्षा घरच बरोबर! मला तर कौतुकच वाटलं.

पण पोरीला नाइट ड्यूटी. सकाळी येऊन आडवी झाली की जावई इकडून तिकडे गेले तरी पलंग हेलकावे खाणार. कशीबशी दोन-तीन तास झोप, आणि संध्याकाळी पुन्हा गाडी चालवत ड्यूटीवर. जावई म्हणत, "सवय होईल तिला." विहीणबाईंचा फोनवरून सल्ला, "झेपत नसेल तर सोड म्हणावं नोकरी."

इथे माझं डोकं फिरलं. आमच्या मंडळात बायका येतात तेव्हा हेच वाक्य ऐकते मी. ओटा उंच आहे, खांदे भरून येतात? सवय होईल. संडास लांब, वाटेवर दिवा नाही? होईल सवय. दिवा लावायचं कुणाच्या मनात येत नाही, बाईनं मात्र नोकरी सोडायची!

"जावईबापू, हे हलतं कशामुळं, ते तरी बघू या," म्हटलं. (मी बी.ए. मराठी. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही.) शेजारच्या ट्रेलरमधल्या सत्तरीच्या बाई मदतीला आल्या. वर्षानुवर्षं अशाच घरात राहिलेल्या. त्यांनी वाकून खाली बघितलं आणि मानच हलवली.

गाडीपासून सोडवलं तरी ट्रेलरचा बराच भार स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि हवेच्या टायरवरच असतो. म्हणून तो डुलतो. त्यातून पुढचे दोन पाय भरपूर बाहेर काढलेले. उंच स्टूल जास्त डुगडुगतं, तसंच हे. बाईंनी क्रमच लावून दिला. आधी खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून डावं-उजवं सपाट करायचं. मग चाकांना पुढून-मागून अडण्या लावायच्या, आणि त्यानंतरच पिकअप सोडवायची. अडणीआधी गाडी सोडवली तर घर घरंगळायचं! पुढच्या पायांखाली जाड ठोकळे ठेवायचे, म्हणजे पाय कमी बाहेर काढावे लागतात. मागचे जॅक सगळ्यात शेवटी, जमिनीला घट्ट टेकतील एवढेच. त्यांनी घर उचलायला जायचं नाही, ते वाकतात. एकामागे एक असलेल्या दोन चाकांच्या मधे घट्ट बसणारी एक कैची मिळते, आणि पुढच्या अडकवायच्या खुंटीखाली लावायला तिपाई. त्याही आणल्या.

सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला जावयांची एक सुट्टीची दुपार गेली. एवढंच. डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवतो ना आपण, त्याचाच मोठा भाऊ हा उद्योग.

हलणं पूर्ण थांबलं नाही, खोटं कशाला सांगू? जोराचा वारा सुटला की अजून डुलतं. पण दुसऱ्या दिवशी भाची सकाळी नऊला झोपली ती थेट दुपारी तीनला उठली. नोकरी चालू आहे. विहीणबाईंना मात्र ठोकळ्यांचं अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, सुनेला सवय झाली.