साक्षरतेची हद्द

बंगळूरच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर असलेल्या बोम्मसंद्रा येथे 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका पोहोचली. औद्योगिक वसाहतीतील कामगारांचा प्रवास त्यामुळे सुकर झाला खरा. परंतु स्थानकांवरील फलक कन्नड आणि इंग्रजीत आहेत. नांदेड वा सोलापूरकडून आलेला, देवनागरी बऱ्यापैकी वाचणारा मजूर त्या फलकापुढे थबकतो, तेव्हाही जनगणनेच्या लेखी तो साक्षरच असतो. जनगणनेला कोणतीही एक भाषा पुरते. यंत्रावरील धोक्याच्या सूचनेला किंवा ठेकेदाराच्या कराराला ती पुरत नाही. आणि ज्याला देवनागरीही येत नाही, त्याला शिकवायचे कोणी?

प्रौढशिक्षणात कर्नाटकाची परंपरा क्षुल्लक नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1940 च्या सुमारास चालविलेल्या साक्षरता वर्गांतून म्हैसूर राज्य प्रौढशिक्षण समिती उभी राहिली. सरकारी अनुदानावर चालूनही खात्याची शाखा न बनलेली ही स्वयंसेवी संस्था नावारूपाला आली, ती केवळ वर्गांच्या संख्येमुळे नव्हे. वर्ग संपल्यावर नवसाक्षराने वाचायचे काय, हा प्रश्न तिने गांभीर्याने घेतला. सोप्या कन्नडमधील 'बेळकु' हे साप्ताहिक, 'पुस्तक प्रपंच' हे मासिक, खेड्यापाड्यांतील ग्रंथालये, डेन्मार्कच्या लोकशाळांच्या धर्तीवरील ग्रामीण तरुणांसाठीची निवासी विद्यापीठे असा तिचा पसारा वाढला. महाराष्ट्रात 1959 मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हा असाच दुसरा अभिमानास्पद अध्याय. तेथे सबंध गाव साक्षर करण्याची ईर्ष्या होती.

मात्र या सर्व प्रयत्नांचे एकक गाव होते, फार तर जिल्हा. शिकणारा माणूस जागच्या जागी राहील, हे त्यांत गृहीत होते. तो मुलूख सोडून निघाला आणि हिशेब चुकला. 2009 च्या 'साक्षर भारत' योजनेने तर प्रामुख्याने स्त्री-साक्षरता 50 टक्क्यांहून अधिक नसलेल्या जिल्ह्यांचा ग्रामीण भाग निवडला. बंगळूरच्या वेशीवरील कामगार वसाहती त्या चौकटीत बसणे शक्यच नव्हते. पुढे मार्च 2018 मध्ये योजना आटोपली आणि महिना दोन हजार रुपयांवर राबणारे प्रेरकही घरी बसले. सध्याचा 'उल्लास' कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बिनमोबदला श्रमांवर उभा आहे. अनुदानाबरोबर फुगणाऱ्या आणि त्याबरोबरच ओसरणाऱ्या संस्थांकडून परमुलखातील मजुराची जबाबदारी घेण्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

वास्तविक, कामगाराच्या सोयीने शाळा भरविण्याची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्यांची वेळ पाहून. आज तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात एवढाही विचार दिसत नाही.

राज्यकर्त्यांचा सारा उत्साह पाट्यांपाशी खर्ची पडतो. महाराष्ट्राने 2022 मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांचा कायदा कडक केला; कर्नाटकाने 2024 मध्ये फलकांवर 60 टक्के कन्नड बंधनकारक केले. राजभाषेचा आग्रह दोन्हीकडे रास्तच आहे. पण पाटी सक्तीची करणाऱ्याने ती वाचायला शिकविण्याची तजवीज करावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांची न्यायालयीन लढाई 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. प्रौढ मजुराला मराठीतून अक्षरओळख आणि त्याच पुस्तिकेतून कामापुरती कन्नड शिकविण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुस्तिका पुण्यात तयार होऊ शकते, वर्ग बोम्मसंद्र्यात भरू शकतो. अडचण आहे ती खर्च कोणाच्या खाती टाकायचा आणि उत्तीर्ण झालेला मजूर कोणत्या राज्याच्या आकड्यात धरायचा, एवढीच. 'उल्लास'ची मुदत 2027 पर्यंत आहे. पुढच्या योजनेच्या नोंदणी अर्जात मातृभाषा आणि कामाचे ठिकाण असे दोन स्वतंत्र रकाने घालायला मुंबई आणि बंगळूर या दोन्ही मंत्रालयांतील अधिकाऱ्यांना एक बैठकही पुरे.